लिंबाजी मामांनी बिडी सोडली तेव्हा

लिंबाजी मामा जनावर धरण्याआधी तोंडातली बिडी विझवून कानावर ठेवत, आणि मी सुई टोचून बाजूला झालो की तीच बिडी पुन्हा पेटवत. एका बिडीत तीन जनावरं व्हायची. कामाचं मापही ते बिडीतच सांगत. "किती वेळ लागेल, मामा?" असं विचारलं की म्हणायचे, "दोन बिड्याचं काम हाय, डॉक्टरसाब."

मी काही डॉक्टर नव्हतो. देगलूरच्या एका मास्तरांचा मुलगा, पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकताच नोकरीला लागलेला. पण हातात सुई असलेल्या माणसाला लोक डॉक्टरच म्हणत. लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या दवाखान्यातल्या छापील कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचंच नाव असे. ते खोडून वर हाताने 'लातूर' लिहायचं काम मामांकडे होतं. ते परिचर होते, पण दवाखान्यात त्यांच्याइतकं स्वच्छ अक्षर कुणाचंच नव्हतं.

त्यातच पाऊस लागोपाठ दोन वर्षं हुकला. मुरुडजवळच्या माळावर जनावरांची छावणी उघडली आणि मला नि मामांना तिकडे पाठवलं गेलं. तट्ट्यांच्या आडोशाखाली सातशेच्या वर जनावरं, कडब्याच्या गंजी, टँकरचं पाणी, आणि आमचा दोघांचा एक तंबू. चारा वाटायची जबाबदारी मामांवर होती. छावणीत पिण्याच्या पाण्याचे रांजण दोन होते. दोन कशाला, हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. मामा दुसऱ्या रांजणातलं पाणी पीत.

तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली असेल. उंच, वाळलेले, उजव्या हाताची दोन बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. तरुणपणीच वडिलांबरोबर त्यांनी धम्म घेतला होता आणि पौर्णिमेला ते न चुकता विहारात जात. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "मामा, पंचशीलात नशा नको म्हणतात ना? मग ही बिडी?" ते गंभीरपणे म्हणाले, "मी लई इचार केलाय त्याच्यावर. बिडीनं डोस्कं फिरत न्हाई, डोस्कं जाग्यावर येतंय." मीही तेव्हा सिगारेट ओढत असे. मला ते उत्तर पटलं.

आग लागली ती भर दुपारी. मामा सावली बघून गंजीमागे बिडी ओढत बसले होते. इकडे एका म्हशीच्या घशात काहीतरी अडकलं म्हणून मी त्यांना हाक मारली. ते बिडी मातीत दाबून धावत आले. आम्ही म्हशीच्या तोंडात हात घालून ज्वारीचं धसकट काढलं, आणि मान वर केली तर गंजीवर धूर. वारा सुटलेला होता. नशिबाने पाण्याचा टँकर नुकताच येऊन उभा होता. बायकापुरुष घागरी, बादल्या, मिळेल ते घेऊन धावले. बाकीच्या गंजी वाचल्या, पण एक पूर्ण जळाली. तिच्या आडोशाला राधाबाईची कालवड बांधलेली होती. दावं तुटेपर्यंत तिची डावी बाजू खांद्यापासून मांडीपर्यंत भाजली.

राधाबाई जवळच्याच गावातली विधवा बाई. तिचे दोन बैल आदल्या वर्षी गेले होते आणि दावणीला ही एकच कालवड उरली होती. ती कालवडीजवळ बसली आणि पदराने माश्या हाकू लागली.

बाकीचे लोक बोलायला लागले. मारुती नावाचा एक हमाल कडबा उतरवायला येत असे. तोही बिड्या ओढी आणि सकाळी गंजीजवळच होता. कोणीतरी त्याची गचांडी धरली. तो हातापाया पडू लागला. दोघाचौघांनी त्याला हाणलंही. मामा माझ्या शेजारी उभे होते. हातावर जळक्या कडब्याची काजळी. आग कशी लागली हे फक्त मला आणि त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी गप्प राहायचं ठरवलं होतं.

मामा पुढे झाले. म्हणाले, "सोडा त्याला. बिडी माझी हुती."

मग गर्दीतून एक आवाज आला, "ह्या लोकायला चाऱ्यावर ठेवलंच कामून?" मामांनी तिकडे बघितलं नाही. संध्याकाळी आमच्या खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी तेच पुन्हा सांगितलं आणि जबाब स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिला. सेवापुस्तकात शेरा बसला. साहेब त्यांना छावणीतून काढणार होते, तर मामा म्हणाले, "साहेब, कालवड बरी हुईपर्यंत तरी ऱ्हाऊ द्या. मी भाजलीय, मीच बघतो." साहेबांनी राधाबाईला विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पन तोंडाला बिडी लागली तर त्याच दिवशी हाकला."

तंबूत आल्यावर मामांनी कानावरची बिडी काढली, खिशातला बिड्यांचा कट्टा काढला, आणि दोन्ही माझ्यासमोर चुलीत टाकलं. पस्तीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "एकदम नको मामा, हळूहळू कमी करा." ते म्हणाले, "गंज काय हळूहळू जळाली का?"

पहिले दोन दिवस त्यांना काही वाटलं नाही. पश्चात्तापाच्या भरात ते निघून गेले. तिसऱ्या दिवशी खरं सुरू झालं. हात थरथरायला लागले. पेंढ्या मोजताना आकडा विसरू लागले. ज्या माणसाचा चढा आवाज कोणी ऐकला नव्हता तो एका म्हाताऱ्यावर पेंढीवरून ओरडला आणि मग तासाभराने त्याच्याकडे जाऊन, "माफ करा, डोस्कं ठिकान्यावर न्हाई" म्हणून आला. बिडी ओढल्याशिवाय त्यांना सकाळी परसाकडे होत नसे. चार दिवस पोट गच्च. "डॉक्टरसाब, बैलाचं औषध हाय का काही?" असं त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं. खोकला कमी व्हायचा तर उलट वाढला. झोप नाही. चहा घेतला की हात आपोआप खिशाकडे जाई, खिसा रिकामा लागे, आणि चेहरा असा होई की बघवत नसे.

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधले. चहा बंद केला आणि ताक मागून आणू लागले. खिशात ओवा ठेवला. ओठांना काहीतरी हवं म्हणून कडब्याचं चिपाड चघळत. आणि मुख्य म्हणजे कालवड. आम्ही जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटून तिला लावत होतो. दिवसातून दोनदा लावा असं मी सांगितलं होतं. मामा सहा-सात वेळा लावत. तलब आली की वाटी घेऊन उठत. कापूस तेलात बुडवायचा, हलक्या हाताने फिरवायचा, माश्या हाकायच्या. थरथरता हात तिथे गेला की शांत होई. "तलब पाव्हनी हाय, डॉक्टरसाब," ते म्हणायचे. "बसायला घोंगडं टाकलं की मुक्काम करती. उबीच ठिवायची. उबी ऱ्हाऊन कटाळती, जाती."

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली नाही. मी तंबूत सिगारेट ओढत होतो. हो, मी त्यांच्या समोर ओढत होतो; माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मामा आत आले, खाली बसले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "एक द्या. पाया पडतो." माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मला ते बघवेना, मी पाकीट पुढे केलं. चार झुरक्यांत त्यांनी सिगारेट संपवली. मग बराच वेळ डोकं गुडघ्यात घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई नेहमीसारखी आली. ती मामांशी बोलत नसे, फक्त कालवडीची जखम बघून जाई. त्या दिवशी मामा आपणहून तिच्यापुढे उभे राहिले. "बाई, काल मी वढली. साहेबाला सांगायचं तर सांगा."

मी पुढे होऊन म्हणालो, "माझी चूक आहे, मी दिली."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग ती कालवडीपाशी बसली, जखमेवरून बोट फिरवलं. कडेने नवी गुलाबी कातडी धरू लागली होती. मामांकडे न बघता म्हणाली, "कितवा दिस हुता?"

"सहावा."

"मंग आज पैला धरा," ती म्हणाली. आणि पदराची गाठ सोडून तिने मूठभर भाजलेले फुटाणे मामांच्या हातावर ठेवले. "तोंड रिकामं ठिवू नका."

त्या दिवसापासून मी छावणीत सिगारेट ओढली नाही. सोडली असं नाही. लांब बांधावर जाऊन ओढत असे आणि आल्यावर चूळ भरत असे. मामांना वास येतच असणार. त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या खेपेचा सहावा दिवस गेला, दहावा गेला. पंधराव्या दिवसाच्या सुमारास एका सकाळी ते ताट घेऊन बसले आणि मध्येच थांबले. "आमटीत लसूण लई हाय का आज?" मी म्हणालो, "रोजचाच आहे." ते म्हणाले, "मला आजच लागला." त्या दिवशी त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. मारुती हमाल मार खाऊनही छावणीवर येतच होता. मामा त्याच्याबरोबर गाडी उतरवू लागले. त्याला काही बोलून दाखवलं नाही, पण निम्म्या पेंढ्या स्वतःच्या खांद्यावर घेत.

आषाढात छावणी मोडली. कालवडीच्या अंगावर डाव्या बाजूला केस आले नाहीत, पण ती धडधाकट होती. राधाबाईने तिला न्यायला गाडी आणली नाही, चालवतच नेली. निघताना दावं मामांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वेशीपोतर तुमीच चला." मामा गेले. परतले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाईनं घरात पानी दिलं. घरातल्या तांब्यातलं." मग ते तंबूच्या मेखा उपटायला लागले.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. आठ वर्षांनी डॉक्टरांनी दटावलं तेव्हा मी सिगारेट सोडायला घेतली आणि पाचव्या दिवशी घसरलो. बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून मुरुडला मामांना पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, त्याच स्वच्छ अक्षरात: 'डॉक्टरसाब, लाज वाटून घेऊन उपयोग नाही, लाजेनं माणूस अजून ओढतो. ज्याच्यापासून लपवता त्यालाच आधी सांगा. चहा बंद करा. हाताला काम द्या. पुन्हा पहिला दिवस धरा.' मी बायकोला सांगितलं. तीन वेळा पहिला दिवस धरावा लागला. तिसरा टिकला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांची मुलगी त्यांना नांदेडच्या एका दवाखान्यात घेऊन आली. छाती पार निकामी झाली होती. मी रोज संध्याकाळी जात असे. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, एवढं करून सोडलीत, आणि शेवटी छातीच."

त्यांना दम लागत होता, पण उत्तर तयार होतं. "डॉक्टर बी तेच मनला. आधी सोडायला पायजे हुती. मी मनलं, हाव, पायजे हुती. पन आधी जमत नव्हतं, त्या दिशी जमलं." दम घेऊन म्हणाले, "त्याच्या मागं सोळा वर्सं मिळाली. दोन नाती बघितल्या. फुकट न्हाई गेलं."

आठवड्याने त्यांना घरी नेलं आणि महिन्याच्या आत ते गेले. मला ते आठवतात ते नांदेडच्या शेवटच्या संध्याकाळचे. हवा लागावी म्हणून मी त्यांना धरून व्हरांड्यात आणलं होतं. पायरीवर कोणा पेशंटचा नातेवाईक बिडी ओढत बसला होता. धूर आमच्याकडे येत होता. मी त्याला उठवायला निघालो तर मामांनी माझं मनगट धरलं. डोळे मिटून त्यांनी एक मोठा श्वास घेतला, जेवढा घेता येत होता तेवढा.

"वास लई भारी हाय, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "अजून बी." आणि डोळे उघडून माझ्या खांद्यावर हात टाकला. "चला, आत चला."