भिंतीपलीकडचं नेट

किसनराव शेजवळांनी आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये उमर घालवली. भलीभली मशीनं त्यांना बघून मुकाट चालू व्हायची. रिटायर होऊन ते बेलवलीच्या फ्लॅटमध्ये निवांत बसले, तोच बंगलोरला नोकरीला लागलेल्या विक्रांतने घरी लॅपटॉप आणि वायरलेसचा डबा बसवून दिला. त्या जोडगोळीने मात्र किसनरावांचा पार मामा केला.

रविवारी दुपारी विक्रांत पडद्यावर यायचा, "बाबा, बीपीची गोळी..." एवढं म्हणायचा आणि तोंड उघडं ठेवून गोठायचा.

किसनरावांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, लॅपटॉपमधला वायरलेसचा ड्रायव्हर काढून टाका आणि परत घाला."

"घरात सायकल नाही, आणि ड्रायव्हर काढतायत," स्वयंपाकघरातून जनाबाई म्हणाल्या.

किसनरावांनी ड्रायव्हर काढला. परत घालता काही येईना. शेवटी उल्हासनगरहून कॉम्प्युटरवाल्या मुकेशला बोलावलं.

"काका, लॅपटॉप कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, विंडोजचं वेगळं. दोघं आपसात भांडतात," असं म्हणत त्याने ड्रायव्हर घातला, एका सॉफ्टवेअरला गप्प बसवलं. नेट आलं. नेट डब्यातूनच येतंय ना, याची खात्री करायला म्हणून त्याने डब्याची वायर उपटली, तरी नेट चालूच.

उपटलेली वायर हातात धरून मुकेश म्हणाला, "काका, ये आ किधर से रहा है?"

मुकेश लॅपटॉप घेऊन घरभर फिरला. स्वयंपाकघरात सिग्नल मलूल, हॉलच्या भिंतीशी एकदम टवटवीत. भिंतीपलीकडे कुमुदिनी टिपणीस राहायच्या. चपलांच्या रॅकवरून सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये वाजल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता. आणि दोन्ही घरांतल्या डब्यांना कंपनीने दिलेलं नाव एकच, पासवर्ड कुणालाच नाही. सॉफ्टवेअर बापडं, जो डबा जोरात दिसेल त्याच्या गळ्यात पडत होतं.

किसनराव ताडकन उठले. "म्हणजे इतके दिवस मी त्या बाईंचं नेट वापरतोय?"

"रॅक वीतभर सरकलं तर कोर्टात जाईन म्हणाला होतात," जनाबाई म्हणाल्या.

"गुपचूप आपल्या डब्याचं नाव बदलून टाकतो, कुणाला कळतंय," मुकेश म्हणाला. पण किसनरावांना ते पटेना. त्यांनी बनियनवर शर्ट चढवला आणि शेजारची बेल दाबली. वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. बाईंनी दार उघडल्यावर भलतंच तोंडातून निघालं, "आमचा लॅपटॉप तुमच्याकडे येतो."

बाईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "कधी?"

मग सगळं सांगणं आलं. बाई म्हणाल्या, "पण मी दुपारी झोपताना डबा बंद करते. तो दिवा डोळ्यांवर येतो."

"तिथेच आमचा विक्रांत गोठतो."

"आणि माझं सकाळी का जातं?"

किसनराव ओशाळले. सकाळी ते आपला डबा बंद करून पुसत. म्हणजे बाईंचा लॅपटॉपही इकडे येऊन-जाऊन होता. बाई दाराला धरून हसत सुटल्या, आणि मुकेशला डब्याचं बारसं करायला आत बोलावलं. चहा जनाबाईंनी पाठवला.

हल्ली बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट गेलं की किसनरावांना बोलावणं येतं. लॅपटॉप उघडायच्या आधी ते एवढंच विचारतात, "शेजाऱ्यांशी बोलणं आहे ना?"