बंद यंत्राच्या पट्ट्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या काकांचा उजवा हात कामातून गेला, त्याला मी कारण आहे.

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात काका रसायनाची पिंपं ट्रकवर चढवायचे. तिथल्याच दवाखान्यात मी मदतनीस होतो; साहेबांच्या पाया पडून ती नोकरी काकांनीच मिळवून दिली होती. त्यांचा खांदा दोन वर्षं ठणकत होता. डॉक्टरांनी त्यांना हलकं काम लावून दिलं आणि विजेच्या नव्या यंत्राच्या ओल्या पट्ट्या रोज खांद्याला लावायला मला सांगितलं. वीज शिरेला डिवचते, मुंग्या येतात, त्यानं ठणका दबतो. खांदा सांभाळावा मात्र लागेल, असं ते म्हणाले होते. दहा-बारा दिवसांत काका त्या कुशीवर झोपू लागले.

मग पुसताना यंत्र माझ्या हातून पडलं. दिवा लागत होता, पण पट्ट्या स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहिल्या तर काहीच नाही. मी अजून कायम झालो नव्हतो. गप्प बसलो. रोज पट्ट्या भिजवायच्या, बांधायच्या, घड्याळाकडं बघत बसायचं.

"आज मुंग्या नाय आल्या रं," काका म्हणाले.

"शिरेला सवय झाली, काका. म्हंजे गुण येतोय."

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतंय का? काकांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरसाहेबांसमोर पुतण्याला ते कमीपणा कसा आणतील?

"वाटतंय साहेब. पोराच्या हाताला गुण हाय."

डॉक्टरांनी त्यांना परत पिंपांवर पाठवलं. त्या पावसाळ्यात लावणीला काकांना रोपांची जुडीही उचलेना.

कायम झाल्यावर, यंत्र आजच बंद पडलं असं सांगून मी ते दुरुस्तीला पाठवलं. परत आल्यावर काकांना पट्ट्या लावल्या. मुंग्या आल्या तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हात वर गेला नाही तो नाहीच.

विजेनं खांदा बरा झालाच असता असं नाही. पण पिंपांवर तरी ते गेले नसते.

आता ते डाव्या हातानं जेवतात. म्हणून लग्नकार्यात पंगतीला बसत नाहीत. पोट भरलंय म्हणतात. खालापुरात माझ्यापासून चार घरं सोडून राहतात. यंत्र बंद होतं आणि मला ते माहीत होतं, एवढं त्यांना तोंडानं सांगायचं देणं मी अजून लागतो.