शिट्टी मास्तरांच्या घरची ओल

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पण पाण्याचे किस्से आमच्या सोलापुरात रोज होतात. ऑफिसात डबा उघडला की सुरू. कुणाचा हौद, कुणाची मोटार, कुणाचं भांडण. मी बरेच दिवस नुसतं ऐकून घेत होते. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही, लाज वाटायची म्हणून. आता सगळ्या गल्लीलाच कळलंय, तर तुम्हालाही सांगते.

आधी आमचे सासरे, अण्णा. शाळेत पी.टी.चे मास्तर होते. रिटायर झाले तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. गल्लीत कुणाची टाकी भरून वाहायला लागली की अण्णा दारात उभे राहून शिट्टी फुंकायचे, मोटार बंद होईपर्यंत. कुणी पाईप लावून गाडी धुतोय? शिट्टी. एकदा नवीन लग्न होऊन आलेली मुलगी अंगणात सडा टाकत होती. शिट्टी ऐकली आणि बादली तिथंच टाकून घरात पळाली. लोक मागून 'शिट्टी मास्तर' म्हणायचे, पण ऐकायचे. कारण अण्णांच्या घरातला थेंब वाया गेलेला कुणी पाहिला नव्हता.

अशा माणसाच्या घरात ओल निघाली.

*

मे महिन्यात कानातलं पडलं म्हणून मी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट सरकवलं. मागची भिंत कमरेपर्यंत ओली. हात लावला तर पोपडा हातात आला.

माझा नवरा पुण्याला कामाला, रविवारचा येतो. घरात मी आणि अण्णाच. त्यांना हाक मारली. त्यांनी भिंत बघितली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "दमट हवा."

"अण्णा, सोलापुरात? मे महिन्यात?"

आमच्याकडं मे महिन्यात साडीचं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. अण्णांनाही ते माहीत होतं. त्यांनी कपाटाला खांदा लावला.

"ढकल," म्हणाले. "आणि वैशाली, गल्लीत बोलू नकोस."

कानातलं तिथंच राहिलं.

*

पण टाकी रिकामी व्हायला लागली. चार दिवस पुरणारं पाणी दोन दिवसांत संपायचं. शेवटी अण्णांनी मंद्रूपच्या शिवानंदला फोन केला. हा प्लंबर, अण्णांचा जुना विद्यार्थी. आपल्या भागातला प्लंबर आला तर बातमी फुटेल म्हणून लांबचा. वर अण्णांनी त्याला बजावलं, "हत्यारं पिशवीत घालून आण. पाहुणा म्हणून ये."

तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडाशी दोन पपया. चहा ठेवला तेवढ्यात शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या. अक्कांच्या घरी चादरीचे माग, घरात तेलुगू बोलतात, पण आमच्याशी अस्सल सोलापुरी. त्यांची नजर पिशवीवर गेली. पपयांच्या मधनं पाना डोकावत होता.

"पावणे का, मास्तर?"

"हो, मंद्रूपचे."

"कोण लागतात?"

"भाचा," अण्णा म्हणाले.

त्याच वेळी शिवानंद म्हणाला, "व्याही."

मी चहाच्या पातेल्यात बघत राहिले. अक्कांनी दोघांकडं एकदा पाहिलं. "दोन्हीकडनं नातं असलं की बरं असतंय," म्हणाल्या आणि विरजण घेऊन गेल्या.

मग शिवानंद बाथरूममध्ये शिरला आणि दुपारपर्यंत छन्नी-हातोडीचा आवाज. फरशी उचकटली, भिंतीच्या टाइल्स फोडल्या. आतला पाईप कोरडा ठणठणीत.

"हितं न्हाय मास्तर," शिवानंद म्हणाला. "म्हंजी दुसरीकडं हाय."

"एवढं मलापण कळतं," अण्णा म्हणाले.

तो निघाला तेव्हा केसांत, भुवयांत सगळीकडं सिमेंट. गेटपाशी अक्का उभ्या होत्या. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "पावणं, झाली का आंगोळ?"

*

पुढचा आठवडाभर आम्ही मोडक्या बाथरूममध्ये फळी टाकून अंघोळ केली आणि अण्णा स्वतःच शोध घ्यायला लागले. त्यांचं म्हणणं, पाणी गळत असेल तर आवाज येणारच. दुपारी सगळीकडं सामसूम झाली की ते कान लावून बसायचे. भिंतीला, कपाटाला, हौदाच्या झाकणाला.

एका दुपारी ते घराच्या आणि कंपाउंडच्या मधल्या बोळात जमिनीवर आडवे झाले, कान फरशीला लावून. डोळे मिटलेले. पेपरचं बिल घ्यायला आलेल्या माणसानं ते गेटमधून पाहिलं.

"मास्तर पडले!"

मी बाहेर येईपर्यंत निम्मी गल्ली आत. दोघांनी खांद्याला धरलं, दोघांनी पायाला, आणून कॉटवर टाकलं. अण्णांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. उठले असते, तर कशासाठी आडवे झाले ते सांगावं लागलं असतं. ते चक्कर आलेला माणूस होऊन पडून राहिले, आणि मीही पंख्याचा वेग वाढवला.

"पाणी कमी पितात हो," कुणीतरी म्हणालं. "दुसऱ्याला वाचवा सांगायचं, मग स्वतः कसं पिणार? जीव सुकवला त्यांनी स्वतःचा."

झालं. घराघरातनं तांबे आले, जग आले. त्या दिवशी नळाला पाणी येऊन चौथा दिवस, सगळ्यांचे हौद तळाला गेलेले. तरी आणलं. शिट्टी ऐकून पळालेली ती मुलगीसुद्धा गार पाण्याची कळशी घेऊन आली आणि पदर भिजवून अण्णांच्या कपाळावर ठेवला. अण्णांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, पदरातलंच ओघळलं.

सगळे गेल्यावर मी पोहे करून आणले. अण्णांनी ताटली बाजूला सारली.

"लोकांच्या घरचं पाणी पिऊन बसलो मी," म्हणाले. "आणि माझं कुठं चाललंय ते मला माहीत नाही."

*

मग शिवानंदनं फोनवर उपाय सांगितला. "टाकीत खायचा रंग टाका की मास्तर, जिलबीचा. जितनं रंग भाईर येईल तितं गळती."

किती टाकायचा, हे विचारायचं राहिलं. अण्णांनी अख्खी पुडी टाकली.

त्या दिवशी आमच्या नळाला केशरी पाणी. पिण्याचं भरून ठेवलं होतं म्हणून बरं. पण अण्णांनी सवयीनं आपला पांढरा शर्ट आणि पायजमा धुऊन टाकला, वाळल्यावर चष्मा न लावताच घातला आणि चौकात गेले. पाच मिनिटांत परत आले, पाठ भिंतीला घासत.

"काय झालं?"

"पानवाल्यानं विचारलं, मास्तर, पक्षात कधी गेलात?"

मी हसले. ते हसले नाहीत. शर्ट काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि सहज खाली बघितलं. आमच्या बोळाच्या पलीकडं, कंपाउंडच्या भिंतीआड अक्कांचा कढीपत्ता आहे. भिंतीपेक्षा वीतभर कमी, म्हणून खालून दिसत नाही. गल्लीतली सगळी झाडं उन्हानं करपलेली, आणि हा हिरवागार, दाट. त्याच्या बुडाची माती केशरी.

मी अण्णांना वर बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि कठड्याला धरून खालीच बसले.

कारण मार्चमध्ये त्यांनी सगळ्या गल्लीला देवळात जमवून पाण्यावर भाषण केलं होतं. त्यात अक्कांना उभं केलं होतं. "ही बाई बघा. नुसत्या भांडी धुतलेल्या पाण्यावर हिनं झाड जगवलंय. सगळ्या गल्लीची फोडणी हिच्या कढीपत्त्यावर होते. शिका काहीतरी." आणि टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. अक्का मान खाली घालून उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, लाजल्या.

अण्णांनी दुसरा धुतलेला शर्ट घातला, शिट्टी काढून खुंटीला लावली आणि अक्कांच्या दारात गेले. मी मागं.

अक्का तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, तुमच्या झाडाला येतंय ते पाणी माझ्या पाईपचं आहे. तुमच्या बाजूनं खणावं लागेल."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "म्हाईत हाय, मास्तर."

"कधीपासून?"

"तुमी देवळात माजं नाव घेतलं की, त्याच्या आदीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

अक्का तांदळातच बघत होत्या. "माज्यासाटी कुणी कदी टाळ्या वाजवल्या न्हवत्या. दुसऱ्या दिवशी सांगाय आले हुते. तुमी दारात उभं ऱ्हाऊन शिट्टी फुंकत हुतात. परत गेले."



*

शिवानंद आला, या वेळी हत्यारं उघड्यावर घेऊन. भिंतीच्या बुडाशी जमिनीतला पाईप चिरला होता. निम्मं पाणी आमच्या घराच्या पायात मुरत होतं, निम्मं अक्कांच्या झाडाला. खड्डा दिवसभर उघडा होता आणि गल्ली येऊन बघून जात होती. मी म्हटलं, आत बसा. अण्णा खड्ड्याशेजारी उन्हात उभे राहिले. कुणी विचारलं की म्हणायचे, "माझीच गळती आहे. वर्षभराची असेल."

त्यानंतर अक्का आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. आम्हीही कढीपत्ता मागायला गेलो नाही. दोन आठवडे आमच्या घरात बिनकढीपत्त्याची फोडणी. गच्चीवरून मला झाड दिसायचं. पानं पिवळी पडून गळायला लागली होती. मी जेवताना एकदा तसं बोलले. अण्णा म्हणाले, "हं."

परवा तिन्हीसांजेला मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. अण्णा अंघोळीचं साठवलेलं पाणी बादलीत घेऊन बोळात आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग चवड्यांवर उंच होऊन, भिंतीवरून हात पलीकडं घालून, त्यांनी एक तांब्या ओतला. थांबले. दुसरा ओतला.

पलीकडून अक्कांचा आवाज आला. "मास्तर, झाड डावीकडं हाय."

अण्णा तसेच उभे राहिले, रिकामा तांब्या भिंतीवर धरून. मग दोन पावलं डावीकडं सरकले आणि तिसरा तांब्या भरला.