घरातले श्रोते

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे असतात आणि मागे आवाज. पुढे गिऱ्हाईक फ्रेम लावून मान इकडेतिकडे वळवतं, सोबत आलेलं माणूस "ही नको, यात तू अगदी हेडमास्तर दिसतोस" असं म्हणतं. काचा घासणारी ती बसते मागच्या अरुंद खोलीत. काच मशीनमध्ये अडकवायची, फ्रेमचा आकार द्यायचा, पाण्याच्या बारीक धारेखाली कड घासून घ्यायची आणि मग बोटाच्या टोकाने चाचपायची. खरखरीत लागली तर पुन्हा. लहानपणी ती शाळेच्या बाकावर, जेवणाच्या टेबलावर, एकदा तर झोपलेल्या बाबांच्या पाठीवरही बोटांनी ठेका धरून बसायची, म्हणून घरात तिचं नाव टकटक पडलं. इंटरनेटवरही तिने तेच ठेवलं.

कामावरून आल्यावर ती मिक्स बनवायची. वेगवेगळ्या लोकांचे ट्रॅक, मध्येमध्ये स्वतःचे, एकातून दुसऱ्यात असे उतरवायचे की ऐकणाऱ्याला दार कुठे उघडलं ते कळू नये. दर शुक्रवारी नवं मिक्स एका संगीताच्या साइटवरच्या तिच्या पेजवर चढायचं. बनवणं जमत होतं. लोकांपर्यंत नेणं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला तिने दिसेल त्याला लिंक पाठवली: शाळेच्या ग्रुपवर, जुन्या शेजाऱ्यांना, दातांच्या डॉक्टरांनाही. खाली 'नक्की ऐका'. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, अंगठे आले. डॉक्टरांनी तपासणीची तारीख पाठवली. ऐकलं कुणीच नाही.

मग तिने उलटं केलं. दुसऱ्यांची मिक्स शेवटपर्यंत ऐकायला लागली आणि त्यांना नेमकं लिहायला लागली: "बासरी विरते आणि खालून ढोल येतो, तिथे मी हातातली काच बाजूला ठेवली." अशा ओळीला माणूस उत्तर देतोच. उत्तर देणारा मग कुतूहलाने तिच्या पेजवर यायचा. ती प्रत्येक मिक्सखाली ज्याचा ट्रॅक त्याचं नाव लिहायची, आणि जाहिरातीसाठी मिनिटभराचा तुकडा कापताना सगळ्यात दणदणीत जागा सोडून एखादं वळण निवडायची. हळूहळू माणसं जमली. एक रात्रपाळीची नर्स, एक ट्रक चालवणारा, एक काका जे फक्त 'छान' लिहायचे, पण दर शुक्रवारी लिहायचे.

याच लोकांमुळे तिला त्या छोट्या इंटरनेट रेडिओचा पत्ता लागला. एक बाई आपल्या बैठकीच्या खोलीतून तो चालवायच्या. रविवारी संध्याकाळचा एक तास त्या नव्या मिक्सवाल्याला द्यायच्या, आणि दिला की वर्षभर द्यायच्या. तो तास ऐकायला लांबलांबून माणसं येत. टकटकला तो तास हवा होता. इतकं उघडपणे तिने आजवर काहीच मागितलं नव्हतं. बाईंचं उत्तर आलं: "महिनाभर एक मिक्स पेजवर राहू दे. किती जणांनी उघडलं ते मी बघत नाही. शेवटपर्यंत किती थांबले ते बघते."

तिने हे जेवताना घरात सांगितलं. आई खूश झाली. बसची नोकरी करून निवृत्त झालेले बाबा म्हणाले, "वर्षभर म्हणजे कायमच झालं की." खालच्या मजल्यावर राहणारी मावशी त्या दिवशी जेवायला वरच होती. तिने एकच विचारलं, "शेवटपर्यंत म्हणजे पूर्ण वाजायला हवं ना?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

आठवड्याभरात आकडा चढायला लागला. शेवटपर्यंत थांबणाऱ्यांचा तर वेड्यासारखा. मागच्या खोलीत ती मशीन बंद असतानाही गुणगुणायला लागली. दुकानाचे मालक डोकावून म्हणाले, "काय गं, लग्न ठरलं की काय?"

"त्याच्याहून चांगलं काहीतरी."

"मग सांगू नकोस, माझी बायको ऐकेल."

आणि एका दुपारी, डबा उघडत असताना, साइटची सूचना आली. मिक्सचं ऐकणं बनावट असल्याचं आढळलं आहे, जवळजवळ सगळं एकाच घरच्या कनेक्शनवरून, दिवसभर, न थांबता. पेज बंद करण्यात येत आहे. तिने लिंक दाबली तर पेज नव्हतं. शुक्रवार नव्हते, नर्स नव्हती, काकांचे 'छान' नव्हते. डबा तसाच झाकून तिने उरलेल्या काचा घासल्या. एकही वाया गेली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

कुणीतरी मुद्दाम केलं असणार असं धरून ती घरी आली. चहाचा कप घ्यायला हात वर गेला, तर फळीवर ताटांच्या मागे आईचा जुना फोन चार्जिंगला उभा. गरम झालेला. पडद्यावर तिच्या मिक्सची रेघ पुढे सरकत होती. आवाज नव्हता.

"आई, हा इथे काय करतोय?"

"राहू दे गं. मावशीने लावलाय."

"कशाला?"

आईने गॅस बारीक केला आणि जिन्यातून खाली हाक मारली. मावशी वर आली ती बक्षीस घ्यायला आल्यासारखी.

"तुझ्यासाठीच चाललंय सगळं. माझे दोन फोन, बाबांचा, दादाचा जुना टॅब. मध्येच बंद करायचं नाही असा एकेकाला दम भरलाय. संपलं की परत लावायचं."

"पण आवाज बंद आहे."

"मग? दिवसभर तेच वाजत राहिलं तर माणसाने कामं कशी करायची?"

"म्हणजे ऐकलं कुणीच नाही."

बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

"मी सुरुवात ऐकली," दादा म्हणाला. "सुरुवात मस्त आहे."

"सुरुवातीला फक्त वारा आहे, दादा."

"तोच. मस्त आहे."

हसू आलं असतं, पण तिने सूचना वाचून दाखवली. मावशी खुर्चीवर बसली. म्हणाली, "असं कसं? आम्ही घरचीच माणसं. चोरी थोडीच केली?"

"त्यांना घर दिसत नाही, मावशी. यंत्र लावून आकडा फुगवणारे दिसतात. तेही असंच करतात."

दादाने तोडगा काढला. "लिहून टाक, कुणीतरी खोडसाळपणा केला. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

तिने साइटला खरं तेच लिहिलं, आणि रेडिओच्या बाईंना आधी लिहिलं, त्यांनी दुसरीकडून ऐकण्यापूर्वी. साइटचं उत्तर कोरडं होतं: हे पेज परत मिळणार नाही, हवं तर नवं उघडा. बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "माझ्या पहिल्या कार्यक्रमाला माझ्या आईने सगळ्या खुर्च्यांवर शेजारणी आणून बसवल्या होत्या. अर्ध्या विणकाम घेऊन आल्या होत्या. नवं पेज काढा, नवं मिक्स लावा. महिना संपायची तारीख तीच राहील."

उरलेले दिवस थोडे होते. तिने दुकानातून सुट्टी मागितली नाही. नवं मिक्स उभं केलं आणि रविवारी दुपारी घरच्यांना बैठकीत बसवलं.

"एक नियम," ती म्हणाली. "यापुढे माझं काहीही कुणी फोनवर लावायचं नाही. मदत करायची असेल तर आज बसा. कंटाळा आला की उठून जा. माझी भीड धरू नका."

"परीक्षा आमची की तुझी?" मावशीने विचारलं.

"माझी."

तिने स्पीकर लावला आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. मावशीने पहिली काही मिनिटं गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून ऐकलं, मग एका ठिकाणी ती उठली आणि पाणी प्यायला गेली. त्याच सुमारास दादाची नजर खिडकीबाहेर गेली. आईने पदर सारखा केला आणि डोळे मिटले. बाबा बसून होते, पण पाय हलवायला लागले होते. चौघांनी चार तऱ्हांनी तीच जागा सोडली होती, आणि ती जागा तिला पाठ होती. तिथे तिचा स्वतःचा ट्रॅक होता. पावसाळाभर बसून केलेला, सगळ्यात लाडका. अख्खाच्या अख्खा.

"मध्ये त्या जागी काय झालं?" मिक्स संपल्यावर तिने विचारलं.

बाबा अडखळले. "वाईट नाही गं. पण थांब्यावर गाडी उगाच उभी राहावी तसं वाटलं. चढणारं कुणी नाही, उतरणारं नाही."

"आणि पुढे?"

"पुढे मी परत बसले ना," मावशी म्हणाली.

संध्याकाळी ती त्या ट्रॅकसमोर हेडफोन लावून बसली. त्यातली प्रत्येक जागा तिला कारणासकट माहीत होती. ती कारणं ऐकणाऱ्याला ऐकू येत नाहीत, एवढंच तिच्या इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. तिने अर्ध्याहून जास्त ट्रॅक कापला. कापलेला भाग पुसून टाकला नाही, पण मिक्समध्ये परतही घेतला नाही. मग कडा एकमेकींना लावल्या, खरखर लागली तिथे पुन्हा घासल्या.

नवं पेज रिकामं होतं. जुन्या श्रोत्यांना तिने आठवून आठवून शोधलं आणि एकेकाला निराळी ओळ लिहिली. नर्सला लिहिलं की चौथा ट्रॅक तिने मागितला होता तो आहे. ट्रकवाल्याला लिहिलं की मधला भाग मोकळ्या रस्त्याचा आहे. कितीतरी जण सापडलेच नाहीत. काका सापडले. त्यांनी 'छान' लिहिलं नाही, "मध्ये कुठे होतीस?" असं लिहिलं.

महिनाअखेर आकडा इतका लहान होता की दादाने तो मोठ्याने वाचला नाही. बाईंचा निरोप आला: "थोडे आहेत. पण आलेला जवळजवळ प्रत्येक जण शेवटपर्यंत बसलाय. येत्या रविवारपासून तास तुमचा."

मावशीने बातमी ऐकून तिला जवळ घेतलं, मग हळूच विचारलं, "रेडिओचे आकडे कसे मोजतात गं?"

"मावशी."

"विचारलं फक्त."

टकटकने लॅपटॉप उघडला. रविवारच्या तासात ज्यांचे ट्रॅक वाजणार होते त्यांना कळवायचं होतं, प्रत्येकाला वेगळं, त्याच्या ट्रॅकमधली नेमकी जागा सांगून. तिने पहिला ट्रॅक लावला आणि पहिली ओळ लिहिण्याआधी तो पूर्ण ऐकून घेतला.