ज्याचं झाड, त्याचं इंटरनेट

रिहे गावात आमच्या घरी इंटरनेटची वायर आणणारा माणूस मोटारसायकलला शिडी आडवी बांधून फिरतो. गावात दुसऱ्या कुणाची वायर नाही, त्यामुळे त्याला घाई कसली ती नसते. कुठल्याही तक्रारीवर तो आधी म्हणतो, "तसं काय न्हाई मॅडम." आणि मग नेमकं तसंच असतं.

मी 'अनलिमिटेड'चे पैसे भरते. वीस तारखेलाच डेटा संपतो, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो. भिंतीपलीकडे घरमालकांच्या टीव्हीवर मात्र महिनाभर बैलगाडा शर्यती धावत असतात.

परवा तो आला तेव्हा मी विचारलंच, "त्यांना लिमिट कसं नाही?"

"तसं काय न्हाई मॅडम. वायर त्यांच्या आंब्यावरनं आलीय. ज्यानं झाड दिलं, त्याला लिमिट न्हाई. तुमी भाड्यानं ऱ्हाता."

"अहो, पण पैसे मी भरते ना! ते फुकट वापरतात."

तो शिडी लावून आंब्यावर चढला. वायर सालीत रुतली होती. तिच्याखाली त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवला, गाठ सैल केली आणि खोडावरून हात फिरवला. इतक्या मायेने त्याने माझी तक्रार कधी ऐकली नव्हती.

"मी दुसरी कंपनी बोलावते," मी खालून ओरडले.

या वेळी तो 'तसं काय न्हाई' म्हणाला नाही.

"बोलवा की," शिडी उतरता उतरता तो म्हणाला. "वायर कुनाच्या झाडाला बांदनार?"