पीडीएफचं प्रकाशन

फुकट नोट्स वाटायचं पुण्य कॉलेजात आम्ही चौघांनी मिळून केलं. चौघंही कारकून-मास्तरांच्या घरातले, त्यामुळे समाजसेवेची खुमखुमी उपजतच. नोट्स मात्र आमच्या नव्हत्या. पास होऊन गेलेल्या एका मुलाची अर्थशास्त्राची वही मिळाली, ती नारपोलीच्या एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली, तिची पीडीएफ केली आणि वर आमची नावं टाकली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते आम्हीच.

नावांच्या क्रमावरून आठवडाभर भांडलो. वहीत काय आहे, हे त्या आठवड्यात एकानंही पाहिलं नाही. मग आमचा म्होरक्या, मुख्याध्यापकांचे चिरंजीव, म्हणाला की प्रकाशन व्हायलाच हवं. पीडीएफचं प्रकाशन! आणि कुणाला हसूही आलं नाही. एक प्रत छापून तिला लाल फीत बांधली, अर्थशास्त्राच्या सरांना शाल-नारळ दिला. सर म्हणाले, ‘स्तुत्य उपक्रम.’ अभ्यासक्रम त्याच वर्षी बदलला होता. सरांनी एक पान उलटलं असतं तरी कळलं असतं, पण फोटो काढायचे होते.

आम्हाला ते कळलं परीक्षेच्या महिनाभर आधी. नोट्स मागे घ्यायच्या तर नाक कापलं जाणार. गप्प बसलो.

वर्गात अंबाडीपलीकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. दिवसा गोदामात पॅकिंगची ड्युटी, त्यामुळे लेक्चरला तिचं येणं होत नसे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून आमची पीडीएफ तिनं वहीत उतरवून घेतली, अख्खी. निकालात ती त्याच एका विषयात नापास झाली.

गेटपाशी तिनं मला गाठलं. हातात ती वही.

“सगलं पाठ केलतं मी. पेपरात निम्मं यातलं न्हायच आलं. तुमी कशावर केला अभ्यास?”

आम्ही चौघं बाजारातल्या नव्या गाइडवर पास झालो होतो. माझं गाइड त्या क्षणी माझ्याच पिशवीत होतं. मला स्वतःची किळस आली, हे खरं. पण तोंडातून निघालं ते असं: “ह्याच नोट्सवर. नीट समजून वाचायला हवं होतं.”

“मंग माजंच चुकलं,” ती म्हणाली. “बापूस बोलला, आता एकदाच बस परीक्षेला. न्हाय जमलं तर कॉलेज बंद.”

मी काहीतरी धीराचं बोललो. असल्या वेळी आमच्यासारख्यांना शब्दांची कमी पडत नाही.

तिनं वही छातीशी धरली. “मंग हेच परत पाठ करते. बरोबर ना?”

मी मान डोलावली.