सात नंबरचा कीबोर्ड

कॉलेजच्या संगणक कक्षात वीस यंत्रं होती आणि त्यांची घाण काढायला एक मावशी होती. कुणाची मावशी, हे कधी कुणी विचारलं नाही.

कीबोर्ड उलटा करून आपटला की त्यातून बिस्किटांचा भुगा पडे, केस पडत, दातांनी कुरतडलेली नखं पडत. मावशीला शिसारी येई, पण हात थांबत नसे. एकेक बटण उपटून ती साबणाच्या पाण्यात टाकायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बसवायची. बारा वर्षं हेच केलं. पेरणाऱ्याच्या पावलात नांगराच्या दोन तासांमधलं अंतर मुरावं, तशा अक्षरांच्या जागा तिच्या बोटांत मुरल्या.

म्हणून तिनेही 'संगणक ओळख' या पहिल्या वर्षाच्या कोर्सला नाव घातलं. लग्नाआधी बारावी झालेली होती. हा कोर्स पास झालीस तर कार्यालयात कारकुनाची जागा देतो, असा प्राचार्यांनी शब्द दिला होता. सुनेने विचारलं, "आई, आता झाडू सोडून माउस धरणार का?" मावशी म्हणाली, "धरते की. झाडूपेक्षा हलका असतो."

वर्ग कसला, सोंग होतं नुसतं. सर फळ्यावर माउसचं चित्र काढायचे, पोरं ते वहीत उतरवायची, आणि खरा माउस कापडाखाली धूळ खायचा. रोजच्या कामाचे अर्ज, तक्ते, पत्रं संगणकावर कशी करायची, ते सगळं सर तोंडी सांगत. प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर मात्र 'केले' असा शेरा आणि सही वेळच्या वेळी पडे.

एकदा घाईत सात नंबरच्या कीबोर्डची बटणं मावशीने भलत्याच जागी बसवली. तीन आठवड्यांनी ती स्वतः त्या यंत्रावर सरावाला बसली तेव्हा कळलं. बोटं बरोबर पडत होती, पडद्यावर अक्षरंही बरोबर उमटत होती, पण खाली पाहिलं तर बटणांवर भलतंच काही. मावशीला शरमेनं घाम फुटला. एवढ्या दिवसांत किती पोरं इथे बसली असतील, त्यांचं नुकसान झालं असेल, असं म्हणत ती सरांकडे गेली.

सर चहा पीत होते. "टाइप कोण करतंय, मावशी?" ते म्हणाले. "परीक्षेचं पत्र सगळ्या यंत्रांत तयारच असतं. पोरं प्रिंट काढतात आणि खाली पेनानं नाव लिहितात. राहू दे तसंच."

परीक्षेला मावशी मुद्दाम सात नंबरवरच बसली. शेजारी सगळे आयत्या पिठावर रेघोट्या ओढून वीस मिनिटांत बाहेर पडले. मावशी खाली न बघता कारकुनाच्या जागेसाठीचा स्वतःचा अर्ज लिहीत राहिली. अकराव्या ओळीवर घंटा झाली. तिने अर्धाच अर्ज छापून दिला.

निकाल लागला तेव्हा तिला चौऱ्याण्णव गुण होते. उत्तरपत्रिका पाहायला गेली, तर आत तेच तयार पत्र, आणि खाली सरांच्या अक्षरात तिचं नाव. ज्या नखांची तिला बारा वर्षं किळस वाटली, ती आपल्याच ताटात कुणी टाकावीत, तसं तिला झालं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझ्या अकरा ओळींचे होतील तेवढे गुण द्या."

"तेवढ्यानं नापास होशील."

"मग नापास करा."

"मोठी आली हरिश्चंद्राची मावशी," सर पुटपुटले, आणि त्यांनी आकडा खोडला. कारकुनाची जागा गेली. पुढे तिथे त्याच वर्गातून पास झालेला एक पोरगा आला. तो आजही पत्रं हाताने लिहून बाहेरच्या दुकानातून टाइप करून आणतो.

मावशी पुढच्या परीक्षेला पुन्हा बसणार आहे. दुपारी कक्ष रिकामा झाला की बाराव्या ओळीपासून सराव करते. एकोणीस कीबोर्ड तिने नीट धुऊन ठेवलेत. सातवा होता तसाच आहे, आणि अजून एकाही पोराची तक्रार आलेली नाही.